तिसऱ्या दिवसाचा वास

मी आयुष्यात बिअरचा एक थेंबही प्यायलेले नाही. तरी तिच्यात हॉप्स कोणते घालायचे, कधी घालायचे आणि कधी उपसून काढायचे, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. सांगलीच्या एका कीर्तनकाराच्या घरात वाढलेल्या, जन्मभर पोरांना रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला ही विद्या कुठून आली, असं कुणी विचारलं की मी विषय बदलते. ती दळवी भावजींकडून आली, आणि त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायची तर सगळंच सांगावं लागतं. इतकी वर्षं मी ते टाळलं. आता माझा नवरा सुधीर नाही, दळवींची नंदाही गेली. लाजायचं तरी कुणासमोर?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही ओमानला गेलो. सुधीरला एका बांधकाम कंपनीत नोकरी होती, मला मागाहून तिथल्या एका भारतीय शाळेत लागली. मस्कतजवळच्या सीबमध्ये, जुन्या सूकपासून, म्हणजे बाजारापासून, चालत दहा मिनिटांवर एका तीन मजली इमारतीत आम्ही राहायचो. समोरच्या दारावर ‘वि. ग. दळवी’ अशी पाटी होती, हिरव्या ऑइलपेंटनं स्वतःच रंगवलेली. पहिल्याच महिन्यात एका गुरुवारी (तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असे) त्या दाराच्या फटीतून असा वास यायला लागला की डोकं उठलं. गुऱ्हाळाच्या काहिलीत कुणी कडुलिंबाचा पाला टाकून उकळावा, तसा. मी तावातावानं दार वाजवलं. एका बुटक्या, सावळ्या, केस तेल लावून चापून बसवलेल्या माणसानं दार उघडलं. हातात लांब दांड्याचा डाव. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, “वहिनी, आधी घरी जा. तुमची डाळ लागायला आलीय.”

मी धावले. डाळ खरंच तळाला धरू लागली होती. भांडायचं त्या दिवशी राहूनच गेलं आणि पुढे कधी जमलंच नाही.

दळवी देवगडच्या बाजूचे. सीबलाच मासळीच्या एका मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये रेफ्रिजरेशन मेकॅनिक होते. बायको नंदा, मुलगी मानसी. मानसी आमच्याच शाळेत शिकायची, मैत्रिणींशी फाडफाड इंग्रजी आणि माझ्याशी मराठी बोलताना प्रत्येक वाक्याला ठेचकाळायची. दळवींना या जगात दोन गोष्टींचा अभिमान होता, मानसीच्या मार्कांचा आणि स्वतःच्या नाकाचा. नाक दिसायला अगदीच साधं, थोडं बसकंच. पण सुरमईच्या पेटीचं झाकण उघडल्याबरोबर ती किती दिवसांची आहे ते ते सांगत. मी शाळेतून आले की जिन्यात म्हणत, “वहिनी, आज गंधक जाळलंत पोरांपुढे.” आणि ते कधी चुकत नसत, याचा मला राग यायचा.

या नाकावर त्यांचं कोल्ड स्टोरेज चालत होतं, हे मी थट्टेनं म्हणत नाही. तिथली यंत्रं जुनी, अमोनियावर चालणारी. अमोनिया गळू लागला तर माणसाचा जीव जायला वेळ लागत नाही. गळती ओळखणारं एक मीटर भिंतीवर होतं म्हणे, पण ते कायमचं मेलेलं. नवीन मागवलंय, इन्शाल्ला येईल, असं तिथला अर्बाब, म्हणजे मालक, दर वर्षी सांगायचा. मग तिथे एक रिवाज पडून गेला होता. रोज सकाळी यंत्रघराचं दार उघडलं की दळवी उंबऱ्यावर उभे राहत, डोळे मिटून एक लांब श्वास घेत आणि म्हणत, “यल्ला,” म्हणजे चला. तोवर कुणी आत पाऊल टाकत नसे. फोरमनसुद्धा नाही.

मागे उभ्या असणाऱ्यांत पहिले असत बशीरभाई. रत्नागिरीकडचे, माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसांचे मुकादम. उंच, खांद्यात वाकलेले, दाढीत हसणारे. दोघं एकाच वर्षी ओमानात उतरलेले आणि एकमेकांना अरेतुरे करणारे. दळवी त्यांना घरच्या भाकरीबरोबर सोलकढी पाजत, आणि शुक्रवारी संध्याकाळी दळवींकडे जी मंडळी बिअर प्यायला जमत, त्यांत बशीरभाई लबानचा, म्हणजे ताकाचा, डबा घेऊन निवांत बसलेले असत.

आता त्या बिअरबद्दल. दारूचं परमिट साहेबलोकांना मिळायचं, आमच्यासारख्यांना त्याची वाट पाहण्यात अर्थ नसे, आणि घरी बनवणं हा सरळ गुन्हा. दळवींना ही कला त्यांच्या प्लांटवरच्या एका इंग्रज इंजिनिअरानं शिकवली. तो मदिनत सुलतान काबूसला, साहेबलोकांच्या वस्तीत, राहायचा. परत जाताना तो आपलं पांढरं पिंप दळवींना देऊन गेला, आणि दर वर्षी कुणातरी येणाऱ्याच्या सामानातून हॉप्सची चंदेरी पाकिटं पाठवायचा. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, सुरूच्या फळासारखी दिसणारी, वाळवलेली. दळवी त्यांना नुसतं ‘फुलं’ म्हणत. कस्टममध्ये कुणी विचारलं तर काढ्याचं सामान म्हणून सांगायचं ठरलेलं होतं.

पिण्यात त्यांना फारसा रस नव्हता. अर्धा ग्लास घेऊन तो संध्याकाळभर पुरवत. रस होता तो फुलांत. “उकळताना घातली की कडू होतात, वहिनी. वास सगळा वाफेबरोबर जातो,” ते मला जिन्यात उभे राहून समजावत. मी भाजीची पिशवी बदलत्या हातांनी धरून ऐकत असे. “वास पाहिजे तर फुलं शेवटी सोडायची. थंड बिअरमध्ये, कोरडीच.” पण शेवटी म्हणजे नेमकी कधी, यातच सारी कला. पिंपातून एक नळी पाण्याच्या पेल्यात सोडलेली असे आणि बिअर आंबत असताना तिच्यातून बुडबुडे येत. बुडबुडे जोरात असताना फुलं टाकली तर वास त्यांच्यावर बसून उडून जातो. मिनिटाला एखाददुसरा उरला की टाकायची. नंदानं जुन्या धोतराची मलमलची पिशवी शिवून दिली होती. तिच्यात फुलं आणि ती तळाशी जावीत म्हणून उकळलेल्या चार काचेच्या गोट्या. मग रोज वाटीभर काढून हुंगायची. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी कच्चा. तिसऱ्या दिवशी वास भरतो, आणि तो भरला की पिशवी बाहेर. “चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ठेवलीत तर म्हशीला घाला,” ते म्हणत. कारण मग हिरव्या गवताचा वास येतो. आणि ओमानात तिसरा दिवस हा तिसराच असेल याचा भरवसा नसे. एसी जरा रखडला की दुसराच दिवस तिसरा होई. म्हणून घरातला चांगला एसी पिंपाच्या खोलीत होता आणि नंदा, मानसी खडखडणाऱ्या जुन्याखाली झोपत. नंदा त्यावरून कुरकुरायची, तेव्हा दळवी अपराधी चेहरा करून दुसरीकडे बघत.

फुलांचे तीन प्रकार त्यांच्याकडे असत. गोल्डिंग, त्याला मधाचा आणि उन्हात वाळलेल्या पेंढ्याचा वास. फगल, त्याला ओल्या लाकडाचा. आणि अमेरिकेतलं कॅस्केड, त्याचं पाकीट फाडलं की खोलीत पपनस सोलल्यासारखं होई. उन्हाळ्यात कॅस्केड, थंडीत गोल्डिंग. फगल एकट्यानं कधीच नाही. “फगल आमच्या थोरल्या काकांसारखा,” ते म्हणत. “बोलत नाही, पण पंगतीला नसला की जेवण जात नाही.”

एकदा ते फुलं निवडत असताना बशीरभाईंनी कॅस्केडची चिमूट नाकाशी धरली. “दळव्या, हा तर आमच्या परसातला पपनस. हे हराम काय रे?”

“फूल हाय ता. फूल हराम कसा होईल?”

बशीरभाई जरा विचारात पडले. मग त्यांनी चार फुलं रुमालात बांधली आणि खिशात टाकली. पुढे आठवडाभर ते दर थोड्या वेळानं रुमाल काढून हुंगत आणि अर्बाबला वाटे, याला सर्दी झालीय.

मानसी दहावीत होती त्या वर्षी प्लांटमधला एक व्हॉल्व्ह दळवींच्या तोंडावर फुटला. चेहरा भाजला, डोळ्यांवर चार दिवस पट्ट्या होत्या. पट्ट्या निघाल्या आणि दिसायला लागलं तेव्हा नंदानं पेढे वाटले. डोळे वाचले, याच आनंदात सगळे होते. नाकाची चौकशी कुणी केली नाही.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी शुक्रवारच्या बैठकीत फोरमन म्हणाला, “दळवी, इस बार मोजा डाला क्या?” सगळे हसले. दळवीही हसले. सुधीरनं घरी येऊन मला सांगितलं की बिअर खरंच वाईट होती, सगळ्यांनी भिडेखातर प्यायली. पुढच्याच आठवड्यात दळवी आमच्या दारात आले. संध्याकाळचे साडेपाच झाले असतील, सुधीर अजून कामावर होता. हातात उघडं पाकीट. “वहिनी, बघा तर. काय पपनस आहे!”

मी पाकीट नाकाशी नेलं आणि झटकन दूर धरलं. पाकिटाला कुठेतरी बारीक भोक पडलं असावं, उन्हानं फुलं सडली होती. शिळं चीज आणि न धुतलेले मोजे, त्याशिवाय त्या वासाला दुसरं नाव नाही. “भावजी, हे सडलंय. तुम्हाला कळत नाही?”

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागचा माणूस निघून गेला. इतकी वर्षं माझ्याशी नीटनेटकं शाळेतलं मराठी बोलणारे दळवी हळूच म्हणाले, “माका वासच येणा नाय, वयनी.”

व्हॉल्व्ह फुटला त्या दिवसापासून. डॉक्टरला सांगितलं नाही, कारण डॉक्टर कंपनीचा. नंदाला संशय होता, पण ती विचारत नव्हती. तिखट गॅस डोळ्यांना झोंबला तर त्यांनाही कळे, पण गळती सुरू होताना दारातच जो पुसटसा वास येतो, ज्यासाठी त्यांना तिथे उभं करत होते, तो त्यांना येत नव्हता. सहा महिने ते रोज उंबऱ्यावर डोळे मिटून श्वास घेत होते आणि काहीही कळत नसताना “यल्ला” म्हणत होते.

मी म्हटलं, उद्याच्या उद्या सांगा. ते म्हणाले, सांगितलं की अनफिट, खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला, मग नंदा-मानसीनंही गाशा गुंडाळायचा. मानसी बारावीची परीक्षा इथून देणार होती. जन्मापासून इथे वाढलेली, धड मराठी न वाचता येणारी पोर ऐन अकरावी-बारावीत कुठल्या कॉलेजात नेऊन टाकू? “बारावी होऊ दे, वहिनी. मार्च गेला की मीच सांगेन.” तो मार्च तेव्हा दीड वर्ष लांब होता.

मी शिक्षिका. पोरीच्या परीक्षेपुढे माझी बुद्धी फिरली, असं म्हणा. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून लाल लिटमसची पुस्तिका आणून दिली. ओला केलेला लाल कागद अमोनियात निळा पडतो, हे नववीच्या पोराला ठाऊक असतं. दळवी कागदाची ओली पट्टी डाव्या तळहातात लपवून उंबऱ्यावर उभे राहू लागले. श्वास घ्यायचं सोंग नाकानं, काम कागदाचं. दर महिन्याला मी एक पुस्तिका देत असे.

आणि बिअर? ती सोडून द्या म्हटलं तर ते घाबरले. शुक्रवारी फोरमन येतो, अर्ध्या प्लांटची माणसं येतात. दळवीनं बिअर का सोडली, म्हणून कुणी विचारलं तर? आणि पुन्हा एखादी सडकी निघाली तर? त्यांच्या नाकाचा सगळ्यांसमोरचा पुरावा ती बिअर होती. म्हणून फुलं निवडणं आणि वेळ साधणं माझ्याकडे आलं. साडेपाचला दारावर टकटक. ताटलीनं झाकलेली स्टीलची वाटी. “वहिनी, नाक द्या जरा.” मी हुंगायची. “अजून नाही.” दुसऱ्या दिवशी पुन्हा. “कच्चा.” तिसऱ्या दिवशी “काढा.” ते समोर आपल्या घरात जवळजवळ पळत जात.

मी त्यात तरबेज झाले. हे कबूल करायला जड जातं, पण मला ते आवडायला लागलं होतं. कॅस्केड आणि गोल्डिंग निम्मं निम्मं घाला, ही कल्पना माझी. फगल दुसऱ्या दिवशी वेगळ्या पिशवीत सोडा, हीही माझी. सुधीर बैठकीतून येऊन सांगायचा, “दळव्याचं नाक म्हणजे काय सांगू तुला! आज फोरमननं हात जोडले.” मी पोळ्या लाटत मनातल्या मनात खूश व्हायची. भोळ्यासारखी खूश व्हायची. त्या हात जोडण्याचा अर्थ काय, हे मला तेव्हा कळलं नाही. जितकी बिअर चांगली, तितका त्या उंबऱ्यावरच्या श्वासावर लोकांचा विश्वास पक्का, आणि तो विश्वास मी वाटीवाटीनं वाढवत होते.

मानसी बारावीत गेली. त्या डिसेंबरात प्लांटमध्ये पाइपाच्या सांध्यातली एक जुनी गॅस्केट गळू लागली म्हणून बदलावी लागली, आणि दळवींनी सहज सांगावं तसं सांगितलं की कागद निळा पडायला वेळ लागला. मी हादरले. त्या दिवशी ठरवलं की हे थांबवायचं. मी म्हटलं, “मी आता कागद देणार नाही. तुम्हाला सांगावंच लागेल.” मला वाटलं, कागद नसले की त्यांना दुसरा रस्ताच उरणार नाही. ते निघून गेले. चार दिवसांनी वाटी घेऊन आले, आणि मी वाटी हुंगली. हे मला अजून समजत नाही. कागद बंद केले, पण नाक देत राहिले. बिअरनं कुणाचं काय वाईट होतंय, असं वाटलं असेल. खरं म्हणजे मला ते कौतुक सोडवलं नाही.

त्यांनी दुसरा रस्ता शोधलाच होता. आता ते उंबऱ्यावर डोळे मिटत नसत. बशीरभाईंच्या चेहऱ्याकडे बघत. बशीरभाईंच्या नाकाला सुरकुती पडली तर “थांबा”, नाही तर “यल्ला”. आणि बशीरभाई बघायचे दळवींकडे.

फेब्रुवारीत एका सकाळी बशीरभाई सर्दीनं बेजार होते. बाहेर मालाचे ट्रक उभे होते. दार उघडलं. बशीरभाईंनी विचारलं, “वास येतोय काय रे? माझा नाक चोंदलाय.” दळवींनी श्वास घेतला आणि म्हणाले, “नाही.” बशीरभाई आत गेले. दळवी त्यांच्यामागून दोन पावलं गेले असतील, तेवढ्यात दुसरी एक गॅस्केट उडाली. दळवींना बाहेरच्यांनी मागे ओढलं. बशीरभाईंना बाहेर काढायला वीस मिनिटं लागली, आणि काढण्यात काही अर्थ राहिलेला नव्हता.

हे मला दळवींनीच त्या संध्याकाळी सांगितलं, जिन्यात पायरीवर बसून, घसा जळालेला असल्यामुळे एकेक शब्द घासून काढत. “त्यानं विचारलं होतं, वहिनी.” एवढंच ते तीन-तीनदा म्हणाले. आदल्या दिवशी मी त्यांना “उद्या काढा” म्हणून सांगितलेली पिशवी पिंपातच राहिली. दहा-बारा दिवसांनी गवताचा आंबूस वास जिन्यात यायला लागला, तेव्हा नंदाकडून किल्ली घेऊन मीच ती उपसली आणि पिंप न्हाणीघरात ओतलं.

बशीरभाईंचे मोठे भाऊ याकूबभाई निझवाला दुकान चालवायचे. ते मयत घ्यायला आले तेव्हा त्यांनी दळवींना मिठी मारली. “तुमी मागून गेलात त्याला काढायला. खुदा तुमचा भला करो.” दळवी खांबासारखे उभे. कंपनीनं लिहिलं की मुकादम परवानगीशिवाय आत गेला. कागद दळवींसमोर आला आणि त्यांनी सही केली. मानसीची परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी त्याची लुडबुड नको. सही केल्यावर दहा दिवसांनी ते निझवाला जाऊन आले, आणि तिथून परतल्यावर पोलिसांकडे गेले आणि सही केलेलं खोटं आहे म्हणून सांगितलं. चौकशी सुरू झाली, पासपोर्ट काढून घेतला. देश सोडायची मनाई झाली म्हणून कुटुंबही तिथेच राहिलं, आणि मानसीनं बारावी तिथूनच दिली. बरे मार्क पडले. चार महिन्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. देवगडला दळवी फार वर्षं जगले नाहीत. नंदा वर्षाला एक पत्र पाठवायची, त्यात त्यांच्याबद्दल एकच ओळ असे, ‘हे कुणाशी बोलत नाहीत.’ त्या चार महिन्यांत ते माझ्या समोरच्या दारात राहत होते, पण मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघता आलं नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निझवालाच.

ते आमच्याकडे येऊन सुधीरला म्हणाले होते, “मला निझवाला सोडाल? याकूबभाईंना भेटायचंय.” सुधीरला वाटलं, सांत्वनाला. मला ठाऊक होतं कशाला. मी मागच्या सीटवर बसले. रस्ता दीड तासाचा. उघड्या बोडक्या डोंगरांकडे बघत मी मनाशी जुळवत होते की त्यांनी सांगितलं की मीही सांगायचं. कागद माझे होते, नाक माझं होतं, हे सांगायचं. वाक्यंसुद्धा तयार केली होती.

याकूबभाईंचं दुकान सूकच्या कडेला, दोर, घमेली, प्लॅस्टिकच्या चटया यांनी भरलेलं. ते उठून पुढे आले. “या, दळवीभाई. भाभी, तुमी पण बसा.” चार चहा मागवले. दळवी बुटक्या स्टुलावर बसले आणि चहा यायच्या आत बोलायला लागले. काही झाकलं नाही. व्हॉल्व्ह फुटल्यापासून वास येत नाही. बशीरनं विचारलं. मी नाही म्हणालो. तो आपणहून गेला नाही, मी पाठवला.

सुधीर दळवींकडे बघत राहिला. पोऱ्या चहा ठेवून गेला. याकूबभाईंनी हातातला दोराचा गुंडा खाली ठेवला.

“दोन साल?”

“होय.”

“कुणाला म्हायत होता ह्या?”

“कुणालाच नाही.”

याकूबभाईंची नजर सुधीरवरून फिरून माझ्यावर आली आणि थांबली. “भाभी, तुमी तर समोरच राहता.”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण दळवी माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्यांना काय ठाऊक असणार, याकूबभाई? त्या बिअरच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत.”

मी तोंड मिटलं.

याकूबभाईंनी दळवींच्या पुढचा चहाचा कप उचलला, दुकानाच्या पायरीवरून बाहेर ओतला आणि रिकामा कप स्वतःजवळ ठेवला. “दळवी, तुमी बाहेर थांबा,” ते म्हणाले. ‘भाई’ गळून पडलं होतं. दळवी उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. शेजारच्या दुकानाचं छप्पर पुढे आलेलं होतं, खाली चांगली सावली होती. ते सावलीत गेले नाहीत. भर उन्हात, आमच्याकडे पाठ करून, हात दोन्ही बाजूंना सोडून उभे राहिले.

“भाभी, चाय घ्या,” याकूबभाई मला म्हणाले. “तुमचा काय कसूर?”

मी कप उचलला आणि सगळा चहा प्यायले.